विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला नवे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन… त्यामागचे रॉबर्ट बॉश कोण होते? देवळाली-नाशिकशी त्यांचे नाते काय?

मुंबईहून निघालेली जुनी स्पोर्ट्स कार कसारा घाट चढून देवळाली कॅम्पला पोहोचते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आलेली असते. घाटात इंजिन तापते, मध्येच मिस मारते, थांबवले तर लवकर सुरू होत नाही आणि बॉनेट उघडले की पेट्रोलचा वास येतो. अशा गाड्यांचे काही मालक आता कार्ब्युरेटर उतरवून त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, म्हणजे ईएफआय, बसवून घेतात. या तंत्राशी जगभर जोडले गेलेले नाव म्हणजे बॉश. नाशिककरांना ते सातपूरचा कारखाना आणि मायको सर्कलमुळे ओळखीचे आहे. मात्र ज्यांच्यावरून हे नाव आले ते रॉबर्ट बॉश १९४२ मध्येच निवर्तले. पेट्रोल कारमधले इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन त्यांनी पाहिलेच नाही. तरीही त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्याशिवाय हे तंत्र कुठून आले आणि त्याची काय किंमत मोजली गेली, हे कळत नाही.

कार्ब्युरेटर कुठे कमी पडतो?

पेट्रोल इंजिनाला ठरावीक प्रमाणात हवा आणि पेट्रोल लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटरमध्ये हे प्रमाण जेटच्या छिद्रावर ठरते. हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून ओढले जाते. रचना साधी आणि हाताने दुरुस्त करता येणारी आहे. पण ती हवेचे वजन मोजत नाही.

उंचीवर हवा विरळ होते. देवळालीच्या उंचीवर ती समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. मुंबईत लावलेले जेट त्या मानाने पेट्रोल कमी करत नाहीत, त्यामुळे मिश्रण थोडे रिच होते, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पडते. फरक लहान असला तरी जोडीला एप्रिल-मेचे ऊन आणि घाटातली चढण असते. तापलेल्या वाटीत किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन अडखळते. गॅरेजमध्ये याला व्हेपर लॉक म्हणतात. दोन किंवा तीन कार्ब्युरेटर असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये ते सगळे एकमेकांशी जुळवून ठेवण्याचे काम वेगळेच.

इंजेक्शनमध्ये ओढून घेणे नसते, मोजून देणे असते. किती हवा आत आली, ती किती गरम आहे, इंजिन किती वेगाने फिरते आहे, हे बघून तेवढेच पेट्रोल दाबाने फवारले जाते. ठिणगी नेमक्या क्षणी पडावी आणि इंधन नेमक्या मापात मिळावे, या दोन कामांभोवतीच बॉश यांच्या कंपनीची पहिली काही दशके गेली.

रॉबर्ट बॉश कुठून आले?

दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळ आल्बेक नावाचे गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८६१ रोजी रॉबर्ट बॉश यांचा जन्म झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडील सेर्वाटियस शेती करीत आणि घोडागाड्यांच्या रस्त्यावरची एक खानावळ-धर्मशाळा चालवीत. घर खाऊन-पिऊन सुखी होते. वडील वाचन करणारे आणि मोकळ्या विचारांचे होते. १८६९ मध्ये कुटुंब उल्मला राहायला गेले.

शाळेत रॉबर्ट फारसे चमकले नाहीत. १८७६ ते १८७९ या काळात त्यांनी उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली. मालक शिकवण्यात लक्ष घालीत नसे, अशी त्यांची तक्रार होती. पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांच्या शिक्षणावर त्यांनी जो भर दिला, त्याचे मूळ या अनुभवात होते. नंतरची काही वर्षे ते जर्मनीतल्या निरनिराळ्या कारखान्यांत काम करीत फिरले. लष्करातली सक्तीची सेवा झाली. स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी काही महिने पाहुणे विद्यार्थी म्हणून वर्गही केले. पदवी मात्र घेतली नाही.

१८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसन यांच्या उद्योगात कामाला लागले. विजेचा तो सुरुवातीचा काळ होता. तिथून १८८५ मध्ये इंग्लंडला जाऊन सीमेन्स ब्रदर्समध्ये त्यांनी नोकरी केली. कामगारांचे हक्क, समाजवाद, समान संधी यांविषयीची त्यांची मते याच वयात तयार झाली.

स्टुटगार्टचे वर्कशॉप कसे सुरू झाले?

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, बॉश यांनी स्टुटगार्टमध्ये सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युतकामाचे वर्कशॉप उघडले. भांडवल म्हणजे वडिलोपार्जित वाट्यातून आलेले १० हजार मार्क. हाताखाली एक मेकॅनिक आणि वरकामाला एक पोरगा. त्याच वर्षी जानेवारीत कार्ल बेन्झ यांनी आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण बॉश यांच्या वर्कशॉपचा मोटारीशी काही संबंध नव्हता. टेलिफोन जोडणे, विजेच्या घंटा बसवणे, मिळेल ते दुरुस्तीचे काम करणे, असा तो धंदा होता. १८८७ मध्ये त्यांनी ॲना कायसर यांच्याशी विवाह केला.

पहिली दहा वर्षे ओढगस्तीची गेली. १८९२ मध्ये काम इतके घटले की बहुतेक कामगारांना कमी करावे लागले. १८९० मध्ये घेतलेल्या सायकलवरून बॉश शहरभर गिऱ्हाइकांकडे फिरत आणि झालेले काम स्वतः तपासत. खराब माल हातून बाहेर जाऊ द्यायचा नाही, पैसे बुडाले तरी चालतील पण गिऱ्हाइकाचा विश्वास बुडू द्यायचा नाही, ही त्यांची रीत या दिवसांतली आहे.

याच काळात, १८८७ मध्ये, एका यंत्र बनवणाऱ्याने त्यांच्याकडे मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या साह्याने, बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारे यंत्र. एका जागी बसवलेल्या गॅस इंजिनांना ते लागे. डॉइट्झच्या कारखान्याने तसे यंत्र बनवले होते. त्यावर पेटंट नसल्याची खात्री करून बॉश यांनी आपले सुधारलेले यंत्र तयार केले. ही कल्पना त्यांची नव्हती, आणि पुढेही मोठ्या शोधांचे श्रेय बहुतांशी त्यांच्या सहकाऱ्यांकडेच जाते. नेमकेपणा आणि माणसांची पारख हे बॉश यांचे भांडवल होते.

पहिले मोठे यश ‘रेट्रोफिट’चेच?

जुन्या इंजिनाला नवा भाग बसवण्याला आज रेट्रोफिट म्हणतात. बॉश यांचे नशीब पालटले ते अशाच एका कामाने. १८९७ मध्ये इंग्लंडमधले उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी फ्रान्सच्या ‘दे दियाँ-बुताँ’ कंपनीची तीनचाकी त्यांच्याकडे पाठवली. तिला मॅग्नेटो बसवून हवा होता. अडचण अशी की, बॉश यांचे मॅग्नेटो सावकाश फिरणाऱ्या इंजिनांसाठी होते आणि या तीनचाकीचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेई.

वर्कशॉपचे प्रमुख आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. जड आर्मेचर पुढे-मागे हलवण्याऐवजी त्यांनी त्याभोवती धातूची हलकी नळी हलती ठेवली. वजन कमी झाल्याने वेग वाढवता आला. दुसऱ्याच्या इंजिनाला बाहेरून बसवलेल्या या भागामुळे मोटारगाडीच्या ठिणगीचा प्रश्न सुटू लागला.

दुसरी पायरी १९०२ मधली. गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. होनोल्ड लहान वयात याच वर्कशॉपमध्ये उमेदवार होते. या जोडीमुळे जलद फिरणारी इंजिने शक्य झाली. १८९८ मध्ये लंडन, पुढच्या वर्षी फ्रान्स आणि १९०६ मध्ये अमेरिका, अशा शाखा निघाल्या. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो कारखान्यातून बाहेर पडला.

कारखानदाराला ‘लाल बॉश’ का म्हणत?

त्याच १९०६ मध्ये बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. तेव्हा युरोपात दहा तासांची पाळी सर्रास होती. १९१० मध्ये शनिवारची दुपारही मोकळी केली. पगार इतरांपेक्षा चांगले होते. इतर कारखानदार त्यांना कुचेष्टेने ‘लाल बॉश’ म्हणू लागले.

यात भलेपणा होता तसा हिशेबही होता. आठ तासांच्या दोन पाळ्यांत यंत्रे अधिक वेळ चालतात आणि न थकलेला कामगार माप चुकवत नाही, हे त्यांनी ओळखले होते. तरी मालक-कामगार संबंध नेहमी गोड राहिले नाहीत. १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात मोठा संप झाला, बॉश यांनी टाळेबंदी केली आणि तोवर दूर ठेवलेल्या कारखानदारांच्या संघटनेत ते सामील झाले. कामगारांचा मित्र म्हणवून घेणाऱ्या माणसाला हा संप लागला.

पहिल्या महायुद्धाने काय केले?

१९१३ मध्ये बॉशची ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होत होती. ब्रिटनमधल्या मोटारींना आणि लष्करी वाहनांना लागणारे मॅग्नेटोही मुख्यत्वे स्टुटगार्टहून येत. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनला हे परावलंबन जाणवले आणि स्वतःचा मॅग्नेटो उद्योग घाईने उभारावा लागला. ब्रिटिश सैन्याच्या भारतातल्या मुख्य तळांपैकी देवळाली एक होती. आगबोटीची वाट पाहणारे सैनिक इथे मुक्कामाला असत. मोटारी लष्करात नुकत्याच रुळत असलेल्या त्या काळात शत्रूच्या देशातला एक लहानसा भाग नसला तर गाडी जागची हलणार नाही, असा तो प्रसंग होता.

दुसरी बाजू तितकीच बोचरी होती. बॉशच्या परदेशांतल्या मालमत्ता, पेटंट आणि नाव जप्त झाले. अमेरिकेतली उपकंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. जर्मनीत मात्र युद्धसामग्रीने नफा वाढत होता. बॉश यांना तो पैसा पटेना. त्यातली मोठी रक्कम त्यांनी लोकोपयोगी कामांना देऊन टाकली.

घरातही दुःख आले. ज्याच्या हाती कारखाना जायचा तो मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानंतर १९२१ मध्ये गेला. पुढे ॲना यांच्याशी घटस्फोट झाला आणि १९२७ मध्ये बॉश यांनी मार्गारेटे वोर्त्स यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना आणखी दोन मुले झाली.

ठिणगीवरून इंजेक्शनकडे कसे वळले?

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. दाबलेल्या, तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. म्हणजे डिझेल वाहने वाढली तर मॅग्नेटोचा धंदा कमी होणार. १९२२ मध्ये बॉश यांनी ठरवले की, हा धोका ओळखून आपणच डिझेलचा पंप करायचा. रुडॉल्फ डिझेल यांच्या मूळ इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र लागे. ते ट्रकमध्ये मावण्यासारखे नव्हते.

बॉशच्या पंपात बारीक दट्ट्या आणि नळकांडे यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. फट वाढली तर दाब सुटतो, कमी झाली तर दट्ट्या अडकतो. इंधनाचे प्रमाण दट्ट्यावरच्या तिरक्या खाचेने ठरते. दट्ट्या थोडा फिरवला की कमी-जास्त डिझेल जाते. १९२७ च्या अखेरीस हे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि ट्रक व ट्रॅक्टरमध्ये डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. १९३६ च्या मर्सिडीज २६० डी या प्रवासी कारमध्येही बॉशचाच पंप होता.

मोटार उद्योगातली मंदी पाहून बॉश यांनी इतर मालही करायला घेतला. हॉर्न आणि वायपर आधीच होते. त्यात हाताचे ड्रिल, रेफ्रिजरेटर, गॅसची उपकरणे आणि रेडिओ यांची भर पडली.

नाझी राजवटीत बॉश कुणाच्या बाजूने होते?

बॉश यांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड भाग. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात समेट व्हावा म्हणून त्यांनी पैसा आणि वेळ खर्च केला होता. युरोप एक व्हावा या चळवळीला त्यांचा पाठिंबा होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. राजवट त्यांना मान्य नव्हती. कंपनीचे प्रमुख हान्स वाल्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ होत असलेल्या ज्यूंना काम दिले, देश सोडायला मदत केली. १९३७ मध्ये कार्ल ग्योर्डेलर या हिटलरविरोधी नेत्याला कंपनीने सल्लागार नेमले आणि त्या आडोशाला त्यांचे काम चालू राहिले. हिटलरला हटवण्याच्या कटाबद्दल ग्योर्डेलर यांना १९४५ मध्ये फाशी झाली. वाल्त्स यांचा इस्रायलने पुढे गौरव केला.

पण हीच कंपनी जर्मन युद्धयंत्रणेचा महत्त्वाचा पुरवठादार होती. युद्धकाळात तिच्या कारखान्यांत सुमारे २० हजार वेठबिगार राबले. त्यांत युद्धकैदी आणि छळछावणीतल्या स्त्रियाही होत्या. एका हाताने मदत आणि दुसऱ्या हाताने पुरवठा, हे दोन्ही एकाच छताखाली घडले.

पेट्रोल इंजेक्शनची कथाही इथेच येते. १९३७ पासून बॉशचे पेट्रोल इंजेक्शन जर्मन विमानांच्या इंजिनांत मोठ्या प्रमाणावर बसू लागले. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत त्याचा परिणाम दिसला. ब्रिटिश स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. विमानाने नाक झटकन खाली केले की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन मेसरश्मिटचे इंजिन इंजेक्शनचे असल्याने बंद पडत नसे आणि वैमानिक सूर मारून निसटे. बिएट्रिस शिलिंग या ब्रिटिश अभियंतीने १९४१ मध्ये छिद्र असलेली छोटी चकती बसवून ही त्रुटी बरीच कमी केली. घाटात अडखळणारा कार्ब्युरेटर आणि आकाशात बंद पडणारा कार्ब्युरेटर, दोघांच्या दुखण्याचे मूळ उघड्या वाटीतले पेट्रोल हेच.

त्याच वर्षी, १९४१ मध्ये, भारतात ब्रिटिशांनी पकडून ठेवलेल्या जर्मन नागरिकांना काही काळ देवळालीच्या छावणीत ठेवले होते. गिर्यारोहक हाइनरिख हॅरर त्यांतलेच. नंतर त्यांना देहरादूनला हलवण्यात आले.

१२ मार्च १९४२ रोजी रॉबर्ट बॉश यांचे स्टुटगार्टमध्ये निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांचा अंत्यविधी सरकारी इतमामात केला.

स्पोर्ट्स कारमध्ये इंजेक्शन केव्हा आले?

युद्धानंतर जर्मनीत विमाने बनवण्यावर बंदी होती. विमानांच्या इंजेक्शनवर काम केलेले अभियंते मोटारींकडे वळले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘गुटब्रोड’ आणि ‘गोलिआथ’ या छोट्या जर्मन गाड्यांत बॉशचे पेट्रोल इंजेक्शन आले. १९५४ मध्ये मर्सिडीज ३०० एसएल ही वर उघडणाऱ्या दारांची स्पोर्ट्स कार लोकांसमोर आली. तिच्या तीन लिटरच्या इंजिनात बॉशचा यांत्रिक पंप होता आणि ताकद २१५ अश्वशक्ती होती. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या १९५२ च्या शर्यतीच्या गाडीपेक्षाही ही रस्त्यावरची गाडी अधिक ताकदवान होती.

यांत्रिक पंपात खोटही होती. किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल टाकत राही आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळे. यावर उपाय म्हणून मोजण्याचे काम विजेकडे गेले. अमेरिकेच्या ‘बेंडिक्स’ कंपनीने १९५० च्या दशकात तसा प्रयत्न केला होता, पण तो बाजारात टिकला नाही. त्या पेटंटचा आधार घेऊन बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही प्रणाली आणली. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते, म्हणून तिथे जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्ये ती आधी बसली. हवेचा दाब मोजायचा आणि मोजक्या ट्रान्झिस्टरांच्या डब्याने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचे, ही तिची रीत. १९७६ मध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर आला. १९७९ च्या मोट्रॉनिकमध्ये ठिणगी आणि इंधन ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे आली.

नाशिकशी संबंध कसा आला?

बॉशचा माल भारतात १९२२ पासून विक्रीला येत होता. १९५१ मध्ये मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, स्थापन झाली आणि बंगळूरुमध्ये स्पार्क प्लग व डिझेल पंप बनू लागले. पुढे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखाना आला. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर हे त्याचे मुख्य काम. देवळालीपासून हे ठिकाण जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी नाशिकच्या बोलण्यात मायको टिकून आहे. मायक्रॉनमध्ये माप घेणारे कारागीर, उमेदवारीतून वर आलेले फिटर आणि त्यांच्या भोवती वाढलेले छोटे कारखाने, ही शहराची एक ओळख बनली.

बॉश यांच्या इच्छेला धरून पुढे, १९६४ मध्ये, मूळ कंपनीचे बहुतांश भांडवल सार्वजनिक हिताच्या प्रतिष्ठानाकडे गेले. आजही ९० टक्क्यांहून अधिक वाटा तिथेच आहे आणि त्यातून आरोग्य, शिक्षण अशा कामांना पैसा मिळतो.

जुन्या गाडीत ईएफआय नेमके कसे बसवतात?

कार्ब्युरेटर उतरवून त्याच बोल्टांवर थ्रॉटल बॉडी बसते. वेबर कार्ब्युरेटरच्या मापाच्या तयार थ्रॉटल बॉडी मिळतात, त्यामुळे मॅनिफोल्ड कापावे लागत नाही. क्रँकच्या पुलीवर दातांचे चक्र बसवतात, सहसा ३६ पैकी एक दात कमी असलेले. त्या रिकाम्या जागेवरून सेन्सरला क्रँकची स्थिती कळते. मॅनिफोल्डचा दाब, पाण्याचे व हवेचे तापमान आणि थ्रॉटलची उघडीप यांचे सेन्सर लागतात. सायलेन्सरच्या नळीत लॅम्ब्डा सेन्सर बसतो. या सगळ्यांचे आकडे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, वाचतो.

पेट्रोलची बाजू अधिक जोखमीची. कार्ब्युरेटरला अगदी कमी दाब पुरतो. इंजेक्टरला साधारण तीन बार लागतो. जुनी रबरी नळी आणि साधे क्लिप हा दाब सहन करत नाहीत. दाबाची नवी नळी, नवा पंप, प्रेशर रेग्युलेटर आणि टाकीकडे परत जाणारी नळी घालावी लागते. अपघात झाल्यास पंप बंद करणारा स्विच हवाच. जुना डायनामो पंपाला आणि ईसीयूला पुरत नसेल तर अल्टरनेटर बसवावा लागतो. वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला जाऊन पंपात हवा शिरू नये म्हणून मध्ये छोटी टाकी ठेवतात.

शेवटचे आणि सर्वांत वेळखाऊ काम मॅपिंगचे. प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक भाराला किती पेट्रोल द्यायचे, याचा तक्ता भरावा लागतो. मिश्रण लीन राहिले, म्हणजे पेट्रोल कमी पडले, तर भाराखाली पिस्टन वितळू शकतो. घाटात चढणीला हीच वेळ येते, म्हणून सपाट रस्त्यावरचे ट्यूनिंग पुरेसे धरू नये. इंजिनाची झीज, व्हॉल्व्हची गळती किंवा कमी कॉम्प्रेशन हे दोष ईएफआय भरून काढत नाही. आधी इंजिन नीट करणे हा पहिला नियम.

कायदा आणि मूळ रूप यांचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. त्यामुळे हात घालण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. ईएफआय बसवल्यास ही नोंदणी अडचणीत येऊ शकते.

यामुळे जाणकार मालक दोन गोष्टी पाळतात. मूळ इंजिनावर कुठेही कायमचे छिद्र पाडायचे नाही, आणि काढलेले कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड व डिस्ट्रिब्युटर साफ करून, खुणेची चिठ्ठी लावून जपून ठेवायचे. पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. दुर्मीळ, अस्सल अवस्थेतली गाडी असेल तर तिला हात न लावता कार्ब्युरेटरचीच नीट निगा राखणे अधिक योग्य. आधीच भाग बदललेल्या आणि नियमित चालवायच्या गाडीसाठी ईएफआयचा विचार करता येतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींमधूनही कार्ब्युरेटर जवळपास गेला. तो बसवणारे आणि हाताने लावणारे मेकॅनिक कमी होत आहेत. देवळालीच्या बंगल्यांत किंवा नाशिकच्या गॅरेजांत एखादी जुनी स्पोर्ट्स कार असेल, तर तिच्या मालकासमोर हा प्रश्न आज ना उद्या येईलच. १८९७ मध्ये स्टुटगार्टच्या वर्कशॉपमध्ये आलेल्या तीनचाकीबाबतही प्रश्न वेगळा नव्हता : दुसऱ्याने घडवलेल्या इंजिनाला आपला भाग बसवायचा, तर तो मापात बसला पाहिजे आणि मूळ इंजिनाला इजा होता कामा नये.